रिपोर्टातला दुसरा आकडा

"साखर तीनशे वीस," डॉक्टरांनी कागद टेबलावर टाकला. "तीन महिने झाले, गोळ्या दुप्पट केल्या. आजी, खरं सांगा, घरात चोरून काय खाता?"

मनकर्णाबाईनं तोंड उघडायच्या आत तिच्या लेकानं, विनोदनं, उत्तर देऊन टाकलं. "तांदळाची कोठी कुलपात ठेवतो साहेब. तरी माय कोठून तरी खातेच."

बाहेर बाकावर गावच्याच चार बाया नंबर लावून बसल्या होत्या. मघाशी त्यांनाही त्यानं हेच ऐकवलं होतं, वर हसत हसत. मनकर्णाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिन्यांत तिनं भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं, तेही धानाच्या मुलखात राहून. गेल्या आठवड्यात पुतणीच्या लग्नात वाढप्यानं तिचं पान सोडून पुढच्या पानावर बुंदी वाढली, तेव्हा अख्खी पंगत तिच्याकडे बघत होती.

तेवढ्यात रक्त तपासणारी दामिनी शेजारच्या खोलीतून आली. "सर, दुसरा कागद राहिला होता. सीआरपी चौसष्ट आहे."

"या वयाच्या बायांचं असतंच वाढलेलं. ठेव तिथं." डॉक्टरांनी मान वर केली नाही.

दामिनी हलली नाही. "पाच-सहाच्या आत पाहिजे, सर."

"ते काय हाय बाई?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"अंगात कुठं सूज असली, जखम चिघळली, का ते रक्तात दिसते आजी. मंग काई न खाता बी साखर चढते. तुमाले कुठं लागलं हाय का?"

मनकर्णाबाई विचारात पडली. लागलं कुठं नव्हतं. दिवाळीच्या सुमारास तलावात शिंगाडे तोडताना टाचेत काटा मोडला होता, एवढंच. तळ्यातल्या मासे-शिंगाड्यांवर जगणाऱ्या ढिवराच्या घरी असल्या काट्याला कोणी दुखणं म्हणत नाही. सुईनं कोरायचा, वर बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं. तिनंही तेच केलं होतं. साखरेच्या दुखण्यानं पाय आधीच बधिर झालेले, त्यामुळे दुखलंही नाही.

तिनं लुगड्याचा काठ वर उचलला. टाच काळीनिळी पडून तटतटली होती, आणि चटक्याच्या डागातून पू पाझरत होता.

डॉक्टर खुर्चीतून उठले. दाराबाहेर चपला काढून ही बाई आजवर तीनदा त्यांच्यासमोर अनवाणी उभी राहिली होती, आणि तिन्ही वेळा त्यांनी नुसता कागद पाहिला होता. "आत्ताच चिरा द्यावा लागेल," ते म्हणाले. "उशीर झाला तर पाय जाईल."

विनोद खाली वाकला. "माय, सांगतलं काहून नाही?"

तिनं पाय लुगड्यात ओढून घेतला.

"चिरा देजा साहेब. पण पहिले यानं सांगावं, मी काई चोरून खाल्लं नाही मनून."

"नाही खाल्लं माय," विनोद पुटपुटला.

"मले कायले सांगून राहिला? मले मालूम हाय. भायेर सांग, त्या बायाइले."

"आजी, आता वेळ घालवू नका," डॉक्टर म्हणाले.

"तीन महिने वेळच वेळ होता साहेब."

मनकर्णाबाई उठली. त्याच टाचेवर भार देत ती दारापाशी गेली, आणि दार सताड उघडून, लेक बाहेर यायची वाट पाहत उभी राहिली.