आत्याच्या गोळ्या

“आजी, तोंडातली सुपारी आधी टाकून या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी कवळी काढून रिकामं तोंड दाखवलं. तरी ओठ आपले चघळतच होते. “पंधरवडा झाला. भजनी मंडळात सगळ्यांना वाटतं, माझा अखंड जप चाललाय. परवा दोघी पायाही पडल्या!”

त्या हसल्या. मीही हसले, पण छातीत धडधडत होतं. माझ्या आत्याचं तोंड असंच हलायचं. लोक म्हणाले, वेड लागलं. तिला शेवटपर्यंत मागच्या खोलीत ठेवलं. आता माझी पाळी, या भीतीने माझी झोप उडाली होती. तेही मी त्यांना सांगितलं.

“एवढ्यात कुठली गोळी बंद केलीत?”

“मनाची. हे गेल्यापासून घेत होते. बरं वाटायला लागलं, म्हणून माझी मीच सोडली.”

“मग हे वेड नाही, आजी. गोळी एकदम सोडल्यामुळे झालंय. जीव घाबरतो, तोही त्यानेच. इलाज करू. फक्त मला न विचारता आता काही सोडायचं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. मग एकदम आठवलं, आत्यालाही मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या होत्या. बरी झाली म्हणून घरच्यांनीच थांबवल्या. हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तेच झालं असणार.”

दवाखान्याच्या पायरीवरूनच आत्याच्या मुलीला फोन लावला. “वत्सू, तुझी आई वेडी नव्हती गं. तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या.”

ती म्हणाली, “थांब ताई, स्पीकर लावते. आता मोठ्याने सांग. सूनबाईलाही ऐकू दे, सारखी म्हणते, तुमच्या घराण्यात वेड आहे.”