फुटपाथवरची गादी

भर दुपारी सुभद्राने नवऱ्याला गादीसकट ओढत पहिल्या मजल्यावरून खाली आणलं आणि इमारतीसमोरच्या फुटपाथवर निजवलं. दशरथला धाप लागली होती. तळमजल्यावरचे काळमेघ दारातून बघत होते.

"खोली मिळाली तरी यांची फुटपाथची सवय काही जात नाही," ते म्हणाले.

गादीखालची फरशी कोमट झाली. उघड्यावर कुणी निजलं की शहरातल्या या फरश्या त्याची नाडी, ताप, श्वास ओळखायच्या आणि दवाखाना, निवारा, पोलीस, सगळ्यांना एकाच वेळी कळवायच्या. कुणी जायचं यावर आता वाद होत नसे. थोड्याच वेळात पोलिसांनी रस्ता मोकळा केला आणि मागोमाग ॲम्ब्युलन्स आली.

नर्स रेहाना दोघांना ओळखत होती. गेल्या वर्षी निवाऱ्यातर्फे मिळालेल्या खोलीची किल्ली तिनेच त्यांच्या हातात दिली होती.

"मावशी, काकांना इथे कशाला आणलं? घरून फोन करायचा ना."

"केला होता सकाळी. नाव विचारलं, पत्ता विचारला, कार्ड विचारलं. मग म्हणाले, थांबा." सुभद्राने पदराने दशरथचा घाम पुसला. "आम्ही इथे राहायचो तेव्हा कुणी थांबा म्हणत नव्हतं."

रेहानाने दशरथला ऑक्सिजन लावला आणि स्ट्रेचर आत घेतलं.

सुभद्रा गादी गुंडाळायला वाकली, तेव्हा काळमेघ पायऱ्या उतरून जवळ आले. त्यांची आई कालपासून घरात तापाने फणफणत होती.

"गादी राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "मी आईला घेऊन येतो."