बंद लाईनवरची गाडी

"गाडी येतेय," पुलाच्या मधोमध बाबा थबकले आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

दोन्हीकडे खोल तलाव होता आणि पुलाला कठडा नव्हता. रेल्वेची ही छोटी लाईन बंद होऊन बारा वर्षं झाली होती. पण जन्मभर गँगमनची नोकरी केलेल्या बाबांना हल्ली कालचं आठवत नाही, तेव्हाचं मात्र समोर दिसतं.

"बाबा, इथं आता गाडी येत नाही."

"उडी मार!" मला ओढत ते कडेला सरकले. त्यांच्या पायाखालचा रुळांचा कुजका लाकडी स्लीपर करकरला. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही.

काय सुचलं कोणास ठाऊक, मी गळ्यातली लाल ओढणी काढली आणि रिकाम्या रुळांच्या दिशेने जोरजोरात हलवली. बाबांची पकड सैल झाली.

"थांबली," ते म्हणाले.

आम्ही पलीकडे पोहोचलो. बाबा मागे वळून वैतागले, "अगं, आता हिरवं दाखव की! किती वेळ ताटकळत ठेवायचं त्यांना?"

मी करंजाची फांदी तोडून हलवली आणि रुळांपासून चार पावलं मागे सरकले.