उसनी पोरं

शाळा भरायच्या आधीच संगप्पा मास्तर ओढा ओलांडून सिंधुबाईंच्या दारात उभे राहिले. ते पेठेतल्या शाळेचे हेडमास्तर, बाई ओढ्यापलीकडच्या शाळेच्या. दोन्ही शाळा सरकारीच, पण त्या एकाच तोलाच्या, हे काही संगप्पांना पटत नसे.

"पस्तीस पोरं द्या, बाई. हुशार बघून. दुपारच्याला वापस करतो."

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष होतं आणि पावसानं दोन्ही वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. नव्या जिल्ह्याचे साहेब आज दोन्ही शाळा तपासणार होते, आणि जी सरस ठरेल तिला पाण्याचा हापसा मिळणार होता. हापसा एकच. संगप्पांची निम्मी पोरं टँकरच्या रांगेत घागरी धरून उभी होती. तपासणीला पोरं उसनी घ्यायची, ही रीत जुनीच. मागच्या साली सिंधुबाईंनीही मागितली होती. तेव्हा संगप्पा भर बैठकीत म्हणाले होते, "उकिरड्यावर चांगलं बी कोण टाकतं?" सगळे हसले होते. बाई ते हसू विसरल्या नव्हत्या.

"न्या की," बाई म्हणाल्या. पोरं मात्र त्यांनी स्वतः निवडली, आणि एवढंच बजावलं, "साहेबांनी विचारलं तर खरं सांगायचं."

दहाला किशनराव साहेब पेठेतल्या शाळेत आले. दोन्ही हेडमास्तरांनी हजर राहायचं, असा हुकूम होता. म्हणून बाईही भिंतीशी खुर्चीवर बसल्या. साहेबांनी चौथीतल्या रुद्राणीला उभं केलं. पोरीनं पावकीचा पाढा एका दमात म्हटला, वर दिडकीही म्हणू का, असं विचारलं.

"वा, मास्तर! ही पोरं कधीपासून तुमच्याकडं?"

"पहिलीपासून, साहेब. माझ्याच हाताखाली घडली."

"खरं का गं?"

"दुसरीपर्यंत व्हते, साहेब. मग परीक्षेच्या तोंडावर मास्तरांनी नाव काढलं. निकाल खराब करतीस म्हणले. आता बाईंच्या शाळेत हाय."

"आणि ही बाकीची?"

"आमचं समद्यांचंच काढलं, साहेब."

निकाल शंभर टक्के लागावा म्हणून साल-दरसाल गाळलेली ही पस्तीस पोरं. संगप्पा एकेकाचं तोंड बघत राहिले. सकाळपासून त्यांना एकही ओळखू आलं नव्हतं. सिंधुबाईंना मनातून गोड वाटलं. लपवायचं कशाला, लई गोड वाटलं.

दुपारी साहेबांनी बाईंची शाळा पाहिली आणि हापशाची जागा तिथंच आखून दिली. जीप गेली तशी संगप्पा पुढं आले.

"डाव साधला, बाई."

"हाव, साधला."

"पण माझ्या पोरांनी काय घोडं मारलं तुमचं? ती पाण्याला कुठं जातील?"

पोरांचा दोष नव्हता, हे बाईंनाही कळत होतं. पण मास्तरांना मोकळं सोडायला जीव होईना.

"येऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "पण हापसायचं तुम्ही. आधी माझी पोरं भरतील, मग तुमची. रोज."

संगप्पांनी टोपी काढून घाम पुसला. पेठेकडं एकदा बघून घेतलं.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.