डुप्लिकेट नोझल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेठच्या वॉशिंग सेंटरमधलं गाड्या धुवायचं, डिझेलवर पाणी तापवणारं मशीन नुसताच पांढरा धूर ओकू लागताच मालक सुदर्शननं सर्व्हिसिंगवाल्यांच्या ग्रुपवर बेधडक टाकलं, “बदरुद्दीन मिस्त्रीनं बर्नरला डुप्लिकेट नोझल बसवलं.” ते वाचून बदरुद्दीन जुन्नरहून तणतणतच आला. तीस वर्षांत त्याच्या मालाला कुणी नावं ठेवली नव्हती. नोझलला हातही न लावता त्यानं मशीनच्या डिझेल टाकीच्या तळाचा नट सोडून डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं. पाणी खाली बसलं, डिझेल वर आलं. मधोमध झेंडूची पाकळी तरंगत राहिली. सुदर्शन चाचरला, “खंडेनवमीला मशीन धुऊन पुजलं व्हतं. टाकीचं झाकण उघडंच राहिलं वाटतं. जाऊ द्या चाचा, चहा घ्या.” बदरुद्दीननं बाटली त्याच्या नाकासमोर धरली. “ही पाकळी बी मीच बसवली का? आधी हिचा फोटो त्याच ग्रुपवर टाक, बर्नर मग पेटंल.”