दगडापाशी थांबायचं

"लहान मुलांना नियम एकच द्यावा, मथुराबाई. पण दिला की आपण मोडू नये. मग मुलंही मोडत नाहीत."

सोलापूरच्या शिबिरातल्या मोठ्या बाईंचं हे सांगणं मथुराबाईंनी व्रतासारखं धरलं होतं. धरणाचं पाणी फिरलं, माळावरची वस्ती चहूबाजूंनी पाण्यात अडकली, तेव्हा तिथल्या बालवाडीच्या पोरांना त्यांनी एकच नियम दिला. काठाजवळ एक दगड चुन्यानं पांढरा केला. सकाळी त्या दगडापाशी यायचं, हात धरून ओळीत उभं राहायचं, बाई येईपर्यंत आकडे म्हणायचे. दगडाच्या पुढं जायचं नाही. बाई आल्याशिवाय मागं फिरायचं नाही.

वस्तीवरची धडधाकट माणसं उजाडायच्या आत पाण्यापलीकडं रोजगार हमीच्या कामावर जात. मागं उरत ती पोरं आणि ऐकू न येणारी म्हातारी दगडाबाई. म्हणून बालवाडीतल्या ठकूच्या आईनं, सोनाबाईनं, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आन् तुमी न्हाय आला, तर?"

"मी येणारच," मथुराबाई म्हणाल्या होत्या.

आज श्रावणातला सोमवार. महादेवाला बेल वाहून त्या निघाल्या, तोवर ऊन वर आलं होतं. अलीकडच्या काठावर जोतीराम काहील ओढून घेऊन बसला होता. त्याचं गुऱ्हाळ पाण्यात गेलं, आणि गूळ कढवायची ही पसरट काहीलच त्याची नाव झाली. आज तो उठला नाही. वारं लई हाय, म्हणाला, काहील भवऱ्यासारखी फिरंल. रात्री वर घाटात पाऊस झाला होता. पाणी चढतंय म्हणून नव्या गावठाणात पहाटे दवंडीही दिली होती. पलीकडं कोणी सांगावा धाडला नव्हता. वस्ती कधीच उठली, असं धरणाच्या हापिसात धरलेलं होतं.

वारा पलीकडून इकडं येत होता. त्याच्यावर पोरांचे आकडे येत होते. सहा, सात, आठ. आणि सगळ्यांच्या मागून, एकटाच, आणखी एक बारीक आठ. तो ठकूचा. ती सगळ्यांत लहान, दगडाला टेकून उभी राहणारी. तिचा आठ रोजच मागून यायचा आणि पोरं हसायची.

मथुराबाईंनी पलीकडं पाहिलं. रोज आधी दगड दिसायचा, मग पोरं. आज दगड दिसत नव्हता.

"जोतीराम, दगड कुठाय?"

"आसंल की तितंच." त्यानं मान वर केली नाही. "वारं पडू द्या, बाई. पोरं कुटं जात्यात? तुमीच शिकवलंय की, हलायचं न्हाय."

पोरं रोजच्या जागी होती. हात धरून, ओळीत. फक्त आज सगळीच बुटकी दिसत होती.

मथुराबाईंनी हात लांब करून ओळीकडं बोट केलं. जोतीरामानं तिकडं बघितलं, आणि तो उठून उभा राहिला. तोंडाभोवती हात धरून त्यानं हाका मारल्या, मागं सरा, वर जावा. वाऱ्यानं हाक त्याच्याच तोंडावर परत आणली. मथुराबाईंनी दोन्ही हातांनी मागं सरायची खूण केली. पोरांना बाई दिसल्या. पोरांना वाटलं, बाई निघाल्या. त्यांनी आवाज चढवला.

एकट्यानं काहील सावरायची नाही, माणसं आणतो, दोर आणतो, असं म्हणत जोतीराम गावठाणाकडं धावत सुटला. लांबून एकदा वळून ओरडला की थांबा, जाऊ नका.

मथुराबाईंनी पिशवी काठावर ठेवली. तिच्यात पोरांसाठी आणलेला प्रसाद होता. पदर कमरेला खोचला. काहिलीच्या काठाला खांदा लावून ती पाण्यात लोटली, आत गुडघे टेकून बसल्या आणि जोतीराम धरायचा तशी फळी हातात धरली. काहील एकदा पुरी फिरली. पलीकडचा काठ मागं गेला, परत समोर आला. ओळ तशीच होती, पाण्यात आणखी बुटकी.

आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते.

पाच. सहा. सात.

सगळ्यांचा आठ आला.

मथुराबाईंनी फळी पाण्यात घातली, आणि मागून येणाऱ्या आठसाठी कान दिला.