सारजाबाईची शेगडी

रत्नाबाईने काडी ओढली, चावी फिरवली आणि शेगडीवर भक्कन निळी ज्योत उभी राहिली. शेजारी चुलीशी फुंकणी घेऊन बसलेल्या सारजाबाईने तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते नुसत्या धुराचं नव्हतं.

रिहे गावातल्या शेतकी कॉलेजच्या आवारात मेसला या दोघी स्वयंपाकिणी. सारजाबाई बारा वर्षांची जुनी, रत्नाबाई भरे गावाहून येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. दोघी रोजंदारीवर. यंदा शेवटच्या वर्षाचा युनूस, पौडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आला आणि त्याने गोठ्यामागे गोबर गॅसचा खड्डा बांधला. गॅस निघाला एकाच शेगडीपुरता. शेगडी रत्नाबाईच्या पुढ्यात बसली, कारण तिचा ओटा खिडकीजवळ होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण मेसचा कारभार बघणारे मोकाशी सर म्हणाले, "पुण्याहून एकाच पगारी जागेची मंजुरी आलीय. गॅसवर जी बाई, ती कायम. माघात साहेब बघायला येतील, तेव्हा सही होईल."

म्हणजे बारा वर्षं धूर गिळायचा सारजाबाईने आणि कायम व्हायचं खिडकीने. तिचा नुसता जळफळाट झाला.

"कालची आली अन् बसली की गादीवर," ती गोठ्यावरच्या कोंडिबाला म्हणाली. "भांड्याला काजळी न्हाई, डोळ्याला धूर न्हाई. आमी हायेच मरायला."

कोंडिबाला त्याचंच पडलं होतं. "आठ जनावरं हायेत समदी. शेण पुरत न्हाई. त्यो युनूस रोज डोकं खातोय, आनखी पायजे, आनखी पायजे. आता काय मी बसू खड्ड्यावर?"

सारजाबाई पोट धरून हसली. हसता हसताच तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी वाढताना ती एका पोराच्या कानाशी लागली. "कुनाला बोलू नगंस. त्या खड्ड्यात नुसतं शेण न्हाई. तुमच्या हॉस्टेलच्या संडासाचा पाइप सोडलाय त्यात. त्याचाच ह्यो गॅस."

कुणाला बोलू नकोस म्हटलं की बातमीला पाय फुटतात. संध्याकाळी चाळीस पोरांनी रत्नाबाईच्या भाकरीला हात लावला नाही. सारजाबाईच्या चुलीपुढे मात्र रांग लागली. रत्नाबाईने टोपलीभर भाकरी तशाच झाकून ठेवल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली. सारजाबाईला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

सकाळी युनूस वही घेऊन आला. चिडेल असं तिला वाटलं होतं, पण तो शांत होता.

"मावशी, पाइप नक्की कुठून आणलाय म्हणतात?"

"मला काय ठावं? पोरं बोलत्यात." पण थाप मारायची तर पुरती मारावी. तिने बोट दाखवलं. "त्या तितनं, संडासामागनं. पेरूच्या झाडाखालनं थेट गोठ्याकडं. उतार हायच की."

युनूस बराच वेळ पेरूच्या झाडाकडे बघत राहिला. मग वहीत काहीतरी लिहून गेला.

रत्नाबाईने सरांना सांगून टाकलं, "मला चूलच बरी." सर कपाळाला हात लावून बसले. पुण्याचे साहेब येणार आणि शेगडी बंद! सारजाबाई याच घडीची वाट बघत होती.

"म्या बसते गॅसवर," ती म्हणाली. "पोरं माझ्या हातचं खातील. त्यास्नी समजवायचं माझ्याकडं लागलं."

रात्रीच्या पंगतीत ती मधोमध उभी राहिली. "लेकरांनो, ज्यानं कुनी पाइपाचं उठवलं त्याच्या जिभंला हाड न्हाई. समदं खोटं हाय. माझ्या लेकाची आन. तुमच्याआधी म्या खाते या शेगडीवरचं, रोज, तुमच्यासमोर बसून."

लेकाची शपथ म्हटल्यावर कोण काय बोलणार? पोरं निवळली.

दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीवरून सारजाबाई परतली तेव्हा आवाराची डागडुजी झालेली होती. भिंतींना चुना लागला होता, पेरूखाली नवी माती पडली होती, आणि शेगडी तिच्या ओट्यावर आली होती. रत्नाबाई मुकाट्याने चुलीशी बसली होती.

आणि नवल बघा. रत्नाबाईच्या वेळी तासाभरात मान टाकणारी ज्योत सारजाबाईच्या हाती दिवसेंदिवस वाढत गेली. महिन्या-दीड महिन्यात दुसरी शेगडी जोडावी लागली. बोलल्याप्रमाणे रोज पंगतीआधी ती पोरांसमोर बसून पहिला घास खायची.

"शेगडीबी मानूस वळखती गं," ती रत्नाबाईला ऐकवायची. रत्नाबाई नुसती लाकडं सारायची.

माघात साहेब आले. पंगत बसली. वांग्याची भाजी, भाकरी, आमटी, आंबेमोहराचा भात, सगळं सारजाबाईच्या हातचं, सगळं गॅसवरचं. साहेबांनी तिथेच ताटापुढे कागद मागवला आणि सही केली. कायम! सारजाबाईचे डोळे भरून आले. या खेपेला धूर नव्हताच.

सर म्हणाले, "सारजाबाई, तुम्हीही बसा आज पंगतीला." ती बसली. भाकरीचा घास मोडला.

साहेबांनी आमटी भुरकत विचारलं, "पण आठ जनावरांच्या शेणावर दोन शेगड्या? हिशेब बसत नाही."

युनूस वही घेऊन उभा राहिला. चाळीस पोरं जेवता जेवता त्याच्याकडे बघू लागली.

"साहेब, आधी सांगितलं असतं तर कुणी जेवलं नसतं. म्हणून सर म्हणाले, आधी दोन-तीन महिने सगळ्यांना जेवू दे, मग सांग. पण श्रेय माझं नाही," तो म्हणाला आणि त्याने कौतुकाने सारजाबाईकडे हात केला. "पाइपाची कल्पना मावशींची. त्यांनी बोट दाखवलं तिथूनच नेला, पेरूखालून. उतार अगदी बरोबर निघाला."